संकटातली श्रद्धा : लक्ष्मीबाई टिळकांची साक्ष



सातारा म्हटले की अजिंक्यतारा आठवतो, छत्रपतींची गादी आठवते, कर्मवीरांचे वसतिगृह आठवते. याच गावी १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक येऊन राहिले, ही गोष्ट मात्र फारशी कुणी काढीत नाही. अमेरिकन मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यास आणि न घेतलेल्यास, दोघांसही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखीच जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे मानणाऱ्या माणसाचा तो दरबार होता.

ख्रिस्ती श्रद्धा आणि संकटातले बळ, असा आजचा विषय आहे. त्यासाठी कुणीही टिळकांकडे बोट दाखवील. मी मात्र आपणांस त्यांच्या पत्नीकडे नेणार आहे. टिळकांनी संकट आपण होऊन पत्करले होते. लक्ष्मीबाईंवर ते येऊन कोसळले.

१८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरी याचा अर्थ काय होत असे, हे सांगावयास नको. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालावयाचे नाही! पदरी लहानगा दत्तू, मोडके लिहिणे-वाचणे, आणि आधार काय तो नातेवाइकांचा. सुमारे पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरास गेला. ज्या श्रद्धेने पतीला शांती दिली, तिनेच पत्नीचा संसार मोडला. श्रद्धेची थोरवी सांगताना ही बाजू आपण झाकून ठेवता कामा नये.

मग त्यांना स्वतःला श्रद्धा आली कशी? नवऱ्याने बोलून बोलून पटविले, असे घडले नाही. वर्षानुवर्षे सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या या बाईच्या मनात एकदा साधा प्रश्न उभा राहिला : जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता त्यांचा निश्चय झाला, की यापुढे कुणाच्याही हातचे खावयाचे, कुणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे आधी चूल मोकळी झाली, आणि मग देऊळ बदलले. दुसऱ्याच्या श्रद्धेवर माणूस संकटाचे दिवस काढू शकत नाही. ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उतरावी लागते.

या श्रद्धेने त्यांची संकटे संपविली का? मुळीच नाही. दुसऱ्यासाठी घरातले सर्वस्व देऊन टाकणाऱ्या पतीचा संसार त्यांनाच रेटावा लागला. साताऱ्यातला दरबार पुरती दोन वर्षे होतो न होतो तोच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांनी देह ठेवला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली, मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीस गेल्या. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग बाहेर पडू लागले. जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या बाईने मराठीला हे लेणे दिले!

त्या पुस्तकात मला बळ दिसते ते त्यांच्या हसण्यात. इतके सोसून त्या कुणावर दात खात नाहीत. नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा सांगतात, स्वतःची फजितीही सांगतात, आणि वाचणाऱ्याला हसवितात. क्षमा झाल्यावाचून असे हसू येत नाही, आणि क्षमा हा तर ख्रिस्ताच्या शिकवणीचा गाभा आहे.

अशी श्रद्धा कामातही उतरते. येथून दक्षिणेस, आजच्या सांगली जिल्ह्यात (१९६० पर्यंत आपण त्याला दक्षिण सातारा म्हणत होतो), मिरज आहे. तेथे १८९४ साली डॉक्टर विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले. जातपात न पाहता आजाऱ्याला हात लावणारे डॉक्टर आणि परिचारिका तेथे तयार झाल्या. लक्ष्मीबाईंनी पाण्याच्या तांब्यापुरता जो प्रश्न सोडविला, तोच मिरजेस खाटेखाटेशी रोज सोडविला जात होता.

श्रोतेहो, आपणांतले बहुतेक ख्रिस्ती नाहीत, आणि धर्म बदला असे सांगावयास मी उभा नाही. कुणी पांडुरंगाला आळवील, कुणी अल्लाला, कुणी कुणालाच नाही. पण संकटाचा दिवस सर्वांच्याच दारी येतो. तो आला म्हणजे आपली श्रद्धा खरी की उसनी, हे कसे ओळखावे? लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावरून मला एवढेच दिसते : स्वतःच्या दुःखातही शेजाऱ्याच्या हातचे पाणी घेण्याइतके आणि त्याला आपल्या हातचे देण्याइतके मन मोकळे राहिले, तर ती खरी समजावी.