वेग आणि विभागणी : बेताच्या पैशांत प्रोसेसरची निवड



मध्यम मिळकतीच्या घरात संगणक घ्यायचा ठरला की पहिली चौकशी होते ती गिगाहर्ट्‌झची. आणि केवळ त्या एका आकड्यावर भिस्त ठेवून घेतलेल्या प्रोसेसरकडून पुढे एकाच वेळी चार कामांची अपेक्षा केली जाते. हा उलटा क्रम सुलटा व्हावा, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

2014 साली इंटेलने पेंटियम या नाममुद्रेला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने ‘जी 3258’ हा प्रोसेसर अवघ्या 72 डॉलरला विक्रीस आणला, आणि एरवी महागड्या नगांपुरती राखून ठेवलेली गुणक, म्हणजे मल्टिप्लायर, वाढवण्याची मुभा त्यात दिली. मूळच्या 3.2 गिगाहर्ट्‌झवरून तो साडेचारच्या घरात नेणे अनेक हौशी मंडळींना साधले, आणि त्यांचा आनंद खरा होता. परंतु त्यात कोअर दोन व थ्रेडही दोनच असल्यामुळे, एका खिडकीत चित्रफितीचे रूपांतर चालू आहे, दुसरीत ब्राउझरची वीस पाने उघडी आहेत आणि पाठीमागे व्हायरसची तपासणी सुरू आहे, अशा प्रसंगी माउसचा बाण जागच्या जागी अडखळू लागे. कचेरीतील दोन कारकुनांनी लेखणी कितीही झपाट्याने चालवली, तरी सहा खिडक्यांपुढील रांगा त्यांच्याने आवरत नाहीत.

याउलट, 2017 च्या एप्रिलमध्ये एएमडीने 219 डॉलरला आणलेल्या ‘रायझन 5 1600’ मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड होते, गुणक मोकळा होता आणि कूलरही सोबतच मिळत असे. शिवाय त्याचीच सुधारलेली आवृत्ती 2019 अखेर 85 डॉलरला मिळू लागली, यावरून मागील पिढीचा चांगला नग घेण्यात कमीपणा नसून शहाणपण आहे, हेच सिद्ध होते. मात्र ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे मूळच्याहून अधिक वेगाने चालवण्याचा, अधिकार एकट्या प्रोसेसरच्या हाती नसतो: ‘बी 350’ चिपसेटच्या मदरबोर्डवर ती परवानगी होती, ‘ए 320’ वर नव्हती, म्हणून दोहोंचा मेळ खरेदीपूर्वीच पडताळावा.

आता उष्णतेचा हिशेब पाहा. खर्ची पडणारी वीज वेगाच्या प्रमाणात, आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले असता वेग दहा टक्केच वाढतो, पण उष्णता सुमारे तेहेतीस टक्क्यांनी चढते. यास्तव बायॉसमध्ये गुणक एकेका पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीवर तासभर पूर्ण भाराची चाचणी घ्यावी, तापमान वहीत टिपावे, आणि यंत्र एकदा जरी कोलमडले तरी बिनदिक्कत एक पायरी खाली यावे. कारण ज्या यंत्रावर मुलांचा अभ्यास आणि घराचा जमाखर्च विसंबून आहे, त्याचा भरवसा हा शे-दोनशे मेगाहर्ट्‌झहून मोलाचा आहे.

तात्पर्य, बेताच्या रकमेतून प्रथम कोअर व थ्रेड यांची तजवीज करावी, मग पुरेशी रॅम घ्यावी, आणि उरलेल्या शिलकेतून कूलर व मदरबोर्ड यांचा विचार करावा. घेतलेल्या प्रोसेसरचा वेग घरी बसून थोडाबहुत वाढवता येतो. त्यात जो कोअर मुळातच नाही, तो मात्र कोणत्याही बायॉसमधून निर्माण करता येत नाही.