विचारणारे कोणी नसते तेव्हा

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांतून शिकलेली मुले आज उच्च शिक्षणासाठी युरोपचा विचार सहजपणे करू लागली आहेत. त्यातही जर्मनीकडे ओढा अधिक. कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. आजच्या विवेचनासाठी म्हणूनच जर्मनीचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल.

तयारीचा आरंभ शाळेच्या दाखल्यापासून होतो. दाखला, गुणपत्रिका आणि पारपत्र या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचे नाव गाळलेले, असा घोळ पुढे महिनोन्‌महिने छळतो. तो शाळेत असतानाच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या अर्जापूर्वी आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून घेऊन ‘ए. पी. एस.’ प्रमाणपत्र मिळवावे लागते. नोव्हेंबर २०२२ पासून, काही अपवाद वगळता, ते आवश्यक आहे. त्याशिवाय वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंदिस्त खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी धरली गेली. नोकरी करून खर्च भागेल, या भरवशावर कर्जाचे गणित मांडू नये. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पण काम मिळेलच असे नाही, आणि परीक्षेच्या काळात ते झेपेलच असेही नाही.

सामान भरताना आईचा जीव डब्यांत गुंतलेला असतो. तेथे एक नियम ध्यानात ठेवावा : युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणि मांस आणता येत नाही. म्हणजे साजूक तूप आणि खव्याचे पेढे घरीच ठेवावेत. हापूस आंबाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. गोडा मसाला आणि घरची चटणी मात्र खुशाल द्यावी. आणि त्यांच्याबरोबर वरणभात, पोळी व एखादी भाजी करण्याचा सरावही द्यावा. मुलगा असला तरी.

पोहोचल्यावर पहिले काम रहिवासाच्या नोंदणीचे. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही ‘आनमेल्डुंग’ करावी लागते, आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. पुढची बरीच कामे या एका कागदावर अडतात. म्हणून खोली घेतानाच ‘हे पत्र मिळेल ना?’ असे विचारून घ्यावे. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसते भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे घर तापवण्याच्या व इतर खर्चासह भाडे, हा भेद माहीत असावा. खोली न पाहता, करार हाती न येता अनामत रक्कम पाठवू नये. फसवणुकीचे प्रकार तेथेही घडतात. पत्रपेटीवर आपले नाव लावावे. नाव नसेल तर टपाल परत जाते, आणि तेथील सरकारी व्यवहार अजूनही पुष्कळसा टपालानेच चालतो.

रोजच्या जगण्याचे काही संकेत आहेत. रविवारी दुकाने बंद असतात. वाणसामान शनिवारीच आणावे. रात्री दहानंतर शांतता पाळतात. कचरा प्रकारवार वेगळा करतात. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत केली की ती मिळते. ‘डॉइचलांड-टिकेट’ या मासिक पासावर देशभर स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांतून फिरता येते, वेगवान आय. सी. ई. गाड्यांतून नाही. विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड होतो. कोणत्याही गंभीर प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा.

हे सारे नियम महिन्याभरात अंगवळणी पडतात. अवघड गोष्ट वेगळीच आहे.

शाळेत मूल दोन दिवस गैरहजर राहिले, तर वर्गशिक्षिका घरी फोन करतात. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते. जर्मन विद्यापीठात यातले काहीही नसते. बऱ्याच व्याख्यानांना हजेरी घेत नाहीत. परीक्षेला बसण्यासाठी सहसा मुदतीत स्वतः वेगळी नोंदणी करावी लागते. नोंदणी राहिली तर कोणी आठवण करीत नाही. एका विषयात नापास होण्याच्या संधी मोजक्याच असतात. शेवटची संधी गेली की प्रवेश रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम देशातील दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पुढे चालू ठेवता येत नाही. हे पालकांना विद्यापीठ कळवत नाही, कारण विद्यार्थी सज्ञान असतो. म्हणजे मुलाने सांगितले तरच घरी कळते.

आणि मूल सांगत नाही. घरावर कर्ज आहे, नातेवाइकांत नाव झाले आहे, हे त्याला ठाऊक असते. हिवाळ्यात भारताची वेळ साडेचार तास पुढे असते. डिसेंबरात येथे रात्री नऊ वाजता फोन लागतो, तेव्हा बर्लिनमध्ये साडेचारलाच अंधार पडलेला असतो. अशा अंधारात एकट्या खोलीत बसून मूल म्हणते, ‘सगळं ठीक आहे.’ त्यावर विश्वास ठेवून आई निश्चिंत झोपते. म्हणून पालकांनी निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे : ‘नापास झालास तरी आधी आम्हालाच सांग, मार्ग काढू.’ विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, की विद्यापीठात अभ्यासासंबंधी सल्ला देणारे कार्यालय असते आणि विद्यार्थी-सेवा संस्थांकडे मानसशास्त्रीय समुपदेशनही मिळते. मात्र दार आपणच ठोठवायचे असते. पहिल्या नापाशीनंतरच ठोठवावे, तिसऱ्या नव्हे.

मराठी शाळेत शिकलेल्यांपाशी येथे एक शिदोरी असते. घरी मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा आणि पुस्तकात इंग्रजी, हा रिवाज त्यांना लहानपणापासूनचा. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, याचे इतरांना नवल वाटते. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी मुलाला वाटू नये. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर आणि सरकारी कारकून यांच्याशी जर्मनच उपयोगी पडते.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी इरावती कर्वे बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. मानवी कवटीच्या असमानतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. तिचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांच्या मार्गदर्शकांचे मत होते. मोजमापांत तसा संबंध दिसला नाही, आणि इरावतीबाईंनी तसेच लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच गुरूसमोर खरे ते सांगण्याचे हे धैर्य होते.

येथून युरोपात जाणाऱ्या मुलामुलींनी एवढेच करावे : ठाऊक नाही ते विचारावे, आणि जमले नाही ते सांगावे. मुदत टळण्यापूर्वी सांगावे.