विळा घेताना पाणी विचारा

(प्रभागसंघाच्या बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं)

ताईंनो, भातकापणी तोंडावर आलीय आणि विळे, कोयते, मासळीच्या सुऱ्या गटांनी मिळून एकदम घ्यायचं ठरलंय. मी लोहाराच्या घरातली, म्हणून मला उभं केलंत. पैसा गटाचा आहे, तेव्हा रोखठोक बोलते.

बोईसर-तारापूरला स्टीलचे कारखाने आहेत. त्यामुळे चकचकीत पट्टी दिसली की आपल्याला वाटतं, माल भारी. पण सगळं स्टील सारखं नसतं. भांडी आणि रेलिंग होतात त्या ३०४ नंबरच्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ते गंजत नाही. पण त्यात कार्बन ०.०८ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो, आणि पात्याला कडकपणा येतो तो कार्बनमुळे. असं पातं कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. धार लगेच वळते.

घराच्या सळईतही कार्बन कमी, साधारण पाव टक्का. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात मात्र अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. आपले लोहार कोयत्यासाठी जुना पाटा शोधतात तो उगाच नाही.

आता ठोकण्याचं. "हाताने ठोकलेला म्हणजे चांगला" असं दुकानदार सांगतो. ठोकल्याने पाठ जाड आणि धार पातळ करता येते, हे खरं. पण पातं टिकतं ते पाण्यावर. लोखंड लालभडक करायचं, इतकं की लोहचुंबक चिकटेनासा होतो, मग झटकन बुडवायचं. पाट्याचं लोखंड पाण्यात कधीकधी तडकतं, म्हणून तेल बरं. (बुडवायचं तेलात, नाव मात्र पाण्याचं!) बुडवल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ होतं. ते परत हलकं तापवायचं. घासून उजळ केलेल्या जागेवर गव्हाळ पिवळा रंग आला की विळ्याला पुरे. कोयता लाकडावर आपटायचा, त्याला तपकिरी-जांभळ्यापर्यंत न्यायचं. घाईत हे दुसरं तापवणं राहिलं तर कोयत्याच्या धारेचे तुकडे उडतात, ते डोळ्यालाही लागू शकतात.

घेताना काय बघाल? जुनी कानस सोबत न्या. धारेवर हलकी फिरवा. घसरली तर पाणी दिलेलं आहे, लोखंड खरवडून निघालं तर पातं मऊ. सुरीला लोहचुंबक लावा. अजिबात चिकटला नाही तर ती भांड्याच्या स्टीलची समजा. चिकटला म्हणून चांगलीच असं नाही, साधं लोखंडही चिकटतं.

सातपाटी-तारापूरकडच्या ताईंना खाऱ्या हवेत कार्बनची सुरी लवकर गंजते. त्यांनी धार धरणाऱ्या स्टेनलेसची घ्यावी, ती लोहचुंबकाला चिकटते. बाकीच्यांनी सुरी धुवून पुसून तेलाचा हात फिरवला तरी भागतं.

धार लावताना ग्राइंडरवर पातं निळं पडू देऊ नका. निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं. सारखं पाण्यात बुडवत लावा, नाहीतर दगडावरच घासा.

भातासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळाही बघा. दात असल्याने तो रोज दगडावर घासावा लागत नाही. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करता येईल.

आणि पहिल्यांदा प्रत्येक प्रकारचे दोनच नग आणा. आठवडाभर कापून बघू, मगच बाकीचे पैसे सोडू.