पडद्यावरचा मार आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



पडद्यावर बाईला मार बसतो तेव्हा तुम्ही काय करता? कुणी पदर डोळ्यांवर ओढते, कुणी दूध उतू गेलं का बघायला उठते, कुणी शेजारणीशी भलतंच काही बोलायला लागते. काहीजणी हसतात. हसणारीवर आपण चिडतो, पण सोसवत नाही म्हणूनही हसू येतं. स्वतःला सावरायचे हे मार्ग कुणी शिकवलेले नसतात. त्यातला कोणता आपल्या उपयोगी पडतो आणि कोणता आपल्यालाच गप्प बसवतो, एवढंच आज बोलायचं आहे.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. थिएटरात बायका हुंदके देऊन रडल्या. सोशीक सुनेचा गौरव करणारा सिनेमा म्हणून त्याला नाकं मुरडणं सोपं आहे, आणि टीका खरीही आहे. पण त्या रडण्याकडे नीट बघा. स्वतःच्या सासुरवासासाठी घरात रडलं की ‘नाटकं’ ठरतात. पडद्यावरच्या सुनेसाठी अंधारात रडलं तर कुणी जाब विचारत नाही, उलट शेजारची बाईही रडत असते. रडायला इतकी हक्काची जागा कितीजणींना मिळते?

कारण एरवी आपण गिळतो. गिळल्यावर काय होतं? अमेरिकेतल्या जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाचा १९९८ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, तटस्थपणे, तांत्रिक बाबी पाहिल्यासारखं बघा. पहिल्या गटाचे चेहरे कोरे राहिले, पण आतली किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. दुसऱ्या गटाची किळसही कमी झाली. चेहरा दगडासारखा ठेवून जबाब देणारी बाई पाहून ‘हिला काही वाटलेलं दिसत नाही’ म्हणणारे अधिकारी आपल्याला पुष्कळ भेटतात. त्यांना हे जरूर सांगा.

मग अर्थ बदलून पाहणं हाच उपाय का? इथे जरा थांबू या. रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६४ सालचा प्रयोग मला जास्त बोचतो. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी समाजात वयात येणाऱ्या मुलांवर शस्त्र चालवण्याचा विधी असे, त्याची फिल्म होती. चित्र तेच, निवेदन मात्र वेगवेगळं. एकात वेदनेचं वर्णन, एकात अभ्यासकाची कोरडी माहिती, आणि एकात चक्क सांगितलेलं की फारसं दुखत नाही, मुलं खुशीत आहेत. पाहणाऱ्यांच्या नाडीचे ठोके आणि घाम मोजला. वेदनेच्या निवेदनापेक्षा कोरड्या माहितीने ताण कमी झाला, आणि ‘दुखत नाही’ या निवेदनानेही कमी झाला!

बायांनो, हे दुसरं निवेदन आपण कुठे ऐकलंय? ‘रागाच्या भरात हात उठतो, प्रेमही तोच करतो.’ मालिकेत थोबाडीत बसते आणि मागे सनई वाजते, तेव्हा वाजतं ते हेच. पाहणारीला शांत वाटतं, खोटं नाही. पण मार खाणारीचं दुखणं पुसून ती शांतता मिळालेली असते. माझ्या मते फरक इथेच करायला हवा. ‘मी हे नोंद करण्यासाठी बघते आहे’ असं म्हणून बघितलं तर घडलेलं घडलेलंच राहतं, फक्त आपल्याला उभं राहता येतं.

आता हा प्रश्न मोबाईलमुळे रोजचा झाला आहे. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी बायकांची धिंड काढली गेली, त्याची चित्रफीत १९ जुलैला देशभर पसरली. संतापाने ती पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यासारख्याही असतील. पाठवलं की आपला जीव हलका होतो, पण त्या बायका पुन्हा पुन्हा लोकांच्या नजरेसमोर उभ्या केल्या जातात. तक्रारीसाठी, तपासासाठी जिला बघणं भागच आहे तिने बघावं. शक्यतो एकटीने नाही, गरज असेल तिथे आवाज बंद करून, आणि काय नोंदवायचं ते आधी ठरवून. बाकीच्यांनी न बघता निषेध करावा. बातमी वाचून राग येतोच की!

वस्तीत फिल्म दाखवाल तेव्हा आत काय आहे ते आधी सांगा, आणि दाराजवळची जागा मोकळी ठेवा, म्हणजे उठणारीला कुणाची माफी मागावी लागणार नाही. संपल्यावर लगेच ‘काय वाटलं?’ विचारू नका. पाणी, पंखा, इकडचं तिकडचं होऊ द्या. मग एखादी बोलायला लागते, आणि बरेचदा ती सिनेमाबद्दल बोलत नाही, स्वतःच्या घराबद्दल बोलते. त्या वेळी वही उघडू नका. नाव-गाव दुसऱ्या दिवशी, तिला विचारून लिहा.