पांडवांची घरे



गोकाकचा धबधबा पाहावयास बेळगाव-निपाणीकडील मंडळी नेहमी जातात आणि पाणी पाहून परततात. जवळच कोण्णूर येथे उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवून रचलेल्या बुटक्या कोठड्या आहेत. तिकडे पाऊल क्वचितच वळते. लोक अशा कोठड्यांना पांडवांची घरे म्हणत आले. अभ्यासकांच्या मते ती महापाषाणयुगीन लोकांची दफनस्थाने होत. अशी स्थाने कोठे जमिनीवर, तर कोठे जमिनीच्या पोटात सापडतात. विदर्भात नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे त्याच परंपरेतली. मृताच्या अस्थींसोबत काळी-तांबडी मडकी व लोखंडी हत्यारे पुरणारी ही माणसे मृत्यूला मुक्काम मानीत असावीत. लोकांनी थडग्याला घर म्हटले, ते इतिहासाला धरून नसेल. पण अगदीच चुकीचे तरी कसे म्हणावे?

या सीमाभागात देहाला घर देण्याची रीत अजून जिवंत आहे. लिंगायत कुटुंबात माणूस 'मेला' म्हणत नाहीत, 'लिंगैक्य झाला' म्हणतात. जमिनीत खड्डा घेऊन त्यात कोनाडा कोरतात. देह बसता ठेवून हाती इष्टलिंग देतात. भस्म आणि बिल्वपत्रे वाहून माती लोटतात. शास्त्राप्रमाणे सुतक नाही. शेजारच्या मराठा घरी मात्र दहन होते आणि दहाव्या दिवशी नदीकाठी कावळा पिंडाला शिवेपर्यंत सारे ताटकळतात. कावळा अडला की मृताची राहिलेली इच्छा कोणती, याची कुजबुज सुरू होते. कोणी पुढे होऊन धाकट्याच्या लग्नाचे वचन देतो. दोन्ही घरची माणसे एकमेकांच्या अंत्ययात्रेत खांदा देतात. गंमत अशी, की दहनाला निघालेला मराठी माणूसही 'मातीला जाऊन येतो' असेच म्हणतो. भाषेने जुनी रीत सांभाळली असेल काय?

प्रश्न आहे तो जागेचा. कोण्णूरसारख्या ठिकाणच्या शिळा धनाच्या लोभाने उकरल्या जातात, बांधाला, भिंतीला नेल्या जातात. त्यांच्यासाठी रडणारे कोणी उरलेले नाही. पण कालपरवाच्या समाध्यांचीही तीच गत होऊ लागली आहे. पुष्कळ लिंगायत शेतकरी वडीलधाऱ्यांना आपल्याच रानात माती देतात. पुढे वाटण्या होतात, रान विकले जाते, आणि आजोबा परक्याच्या उसात राहतात. नवा मालक समजूतदार असला, तर नांगर तेवढी जागा सोडून वळतो आणि सणावाराला जुन्या घरच्या लेकीसुनांना नारळ फोडण्यासाठी बांधावरून वाट देतो.