बाळ जन्मल्यानंतरचे दोन तास



घरात बाळ जन्माला आले की सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे लागते. मुलगा की मुलगी, वजन किती, रडले का, अशी विचारपूस सुरू होते. आणि बाळंतीण? ‘बाई सुटली एकदाची’ असे म्हणून आपण निर्धास्त होतो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की बाई अजून सुटलेली नसते. बाळ बाहेर आल्यानंतरचे दोन तास तिच्या जिवाला फार जपण्याचे असतात.

असे का, हे समजायचे तर गर्भाशय, म्हणजे आपल्या बोलीतली पिशवी, कशी असते ते पाहू. पिशवी म्हटले की कापडाची थैली डोळ्यापुढे येते. पण ही पिशवी जाड स्नायूची आहे. एरवी तिचे वजन ६०-७० ग्रॅम. दिवस भरले म्हणजे ते सुमारे एक किलोपर्यंत जाते. नऊ महिने हा स्नायू बहुतेक शांत असतो. वेळ जवळ आली की त्याच्या पेशींमध्ये एकमेकींना जोडणाऱ्या बारीक वाटा वाढतात आणि एकीचा इशारा दुसरीला चटकन पोचतो. चिखलात रुतलेली गाडी दहा जणांनी आपापल्या मनाने रेटली तर हलत नाही. एका हाळीला सगळ्यांनी जोर लावला की निघते. कळांचे तसेच आहे.

पण बाळ आणि वार बाहेर पडली म्हणजे या स्नायूचे काम संपले असे नाही, बरं का. वार जिथे चिकटलेली होती तिथे रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जात असते. मग ही तोंडे बंद कोण करतो? हाच स्नायू. त्याचे धागे उभे, आडवे, तिरपे असे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधून जातात. धागे आवळले की, रबरी नळी मुठीत दाबावी तसा, रक्ताचा ओघ थांबतो.

ही मूठ सैल पडली तर रक्त वाहतच राहते. फार वेळ रेंगाळलेल्या कळा, जुळी बाळे, आत राहिलेला वारेचा तुकडा, लघवीने भरलेले मूत्राशय, ही त्याची काही कारणे. पुष्कळदा मात्र आधी कसलीही खूण नसते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईची शिल्लकच थोडी. तिला अर्ध्या लिटरचा तोटाही सोसत नाही. ‘वाईट रक्त आहे, जाऊ द्या’ असे वडीलधारी माणसे म्हणतात. थोडे रक्त जायचेच. पण धार लागली, गाठी पडू लागल्या, कापडामागून कापड भिजू लागले, तर ते वाईट रक्त नव्हे, तो बाईचा प्राण चालला आहे. अशा वेळी दोन तासांतही मृत्यू येऊ शकतो.

यावर उपाय काय? त्यासाठी बेळगावची हकिकत सांगतो. मराठी आणि कानडी बोलणारा हा सीमेवरचा जिल्हा. २००२ ते २००५ या काळात तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर खेड्यांतल्या बाळंतपणांचा अभ्यास केला. हाती डॉक्टर नव्हते, होत्या गावच्या नर्सबाई. एकूण १६२० बायकांपैकी निम्म्यांना बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. अर्धा लिटर किंवा जास्त रक्त जाण्याचे प्रमाण औषध नसलेल्यांत शेकडा १२ होते, औषध घेतलेल्यांत शेकडा ६.४. लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण शेकडा १.२ वरून ०.२ वर आले. हा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला.

याच कामासाठी त्यांनी एक साधी वस्तू केली: बाळंतिणीच्या खाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिला खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्ष मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी भरतो, असे त्यातून दिसले. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांतील ८० रुग्णालयांत अशाच मापाच्या चादरी वापरल्या आणि रक्त जास्त जाताच पोट चोळणे, औषधे, सलाईन व तपासणी हे सारे एकदम सुरू केले. तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम शेकडा ६० नी घटले, असे २०२३ साली जाहीर झाले. वेळेवर ओळखणे हे निम्मे काम आहे.

दवाखान्यात बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, ते याच स्नायूला आवळण्यासाठी. ते थंड जागी ठेवावे लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची ताकद जाऊ शकते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला बर्फ लागत नाही, म्हणून खेड्यात तिचे मोल. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही लोक चोरून जे टोचतात, तेही ऑक्सिटोसिनच. आणि इथे एक कळकळीचे सांगणे. कळा लवकर याव्यात म्हणून घरी कोणाकडूनही इंजेक्शन टोचून घेऊ नका. बाळ पोटात असताना ते बेहिशेबी दिले तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. जे औषध बाळ झाल्यावर आईला तारते, तेच आधी अजाण हाती घातक ठरते.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्याचे पाहू. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या वाड्या-तांड्यांवरून पावसाळ्यात निघायचे म्हणजे ओढे आडवे येतात, कयाधूला पूर येतो. रक्त जाऊ लागल्यावर गाडी शोधायची, हा हिशेब चुकतो. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. दिवस भरत आले की वाहन, सोबतीचे माणूस आणि जवळ रक्त मिळण्याचे ठिकाण ठरवून ठेवा. १०८ क्रमांक पाठ असू द्या. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या चुकवू नका. आणि वाटेतच बाळ झाले तर? बाळाला लगेच छातीशी लावा. पाजल्याने आईच्या अंगातच ऑक्सिटोसिन सुटते. तिला लघवीला बसवा. वार पडली असेल तर बेंबीच्या खाली पोट चोळत राहा. हाताला गोळा घट्ट लागला पाहिजे. नाळ ओढू नका. आणि हे करत असताना गाडी थांबवू नका.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. पालकांच्या सभेत, महिला मंडळात ही मुठीची गोष्ट सांगा. सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांना तर आवर्जून सांगा, कारण गाडी कधी काढायची हे बहुधा तेच ठरवतात.

पुढच्या वेळी शेजारी पाळणा हलेल, तेव्हा ‘काय झालं?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा: ‘बाळंतीण कशी आहे? रक्त किती जातंय? पिशवी घट्ट झाली का?’