बालकांची नेत्रतपासणी आणि पालकांची पूर्वतयारी



मोठ्या माणसाला अंधुक दिसू लागले की ते तक्रार करते. बालक करीत नाही. एका डोळ्याने जन्मापासूनच धूसर दिसत असेल, तर दुसरा डोळा काम निभावून नेतो आणि घरात कोणालाच शंका येत नाही. दरम्यान मेंदू त्या धूसर डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच मंददृष्टी किंवा ‘आळशी डोळा’ म्हणतात. साधारणतः सातव्या वर्षापूर्वी ती ध्यानात आल्यास चष्मा लावून व चांगला डोळा रोज काही तास झाकून पुष्कळ सुधारते. पुढे उपचार अवघड होत जातो. म्हणून तीन-चार वर्षांच्या वयातच तपासणी व्हावी.

कुटुंबात कोणाला लहानपणी तिरळेपणा वा जाड चष्मा असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. सोयरीक अडेल या भीतीने ही गोष्ट, विशेषतः मुलींच्या बाबतीत, दडविली जाते.

अक्षरओळख नसलेल्या मुलांना इंग्रजी ‘ई’चा तक्ता दाखवितात. त्याच्या रेघा ज्या दिशेला, तिकडे बोटे करण्याचा खेळ घरी खेळावा. एक डोळा झाकण्याची सवय करावी. बोटांच्या फटीतून पाहणे हा मुलांचा आवडता उद्योग! मात्र तक्ता पाठ करून घेऊ नये. येथे पैकीच्या पैकी गुणांची हौस घातक ठरते.

बाहुली मोठी करणारे थेंब थोडे झोंबतात, हे मुलाला खरे सांगावे. त्यानंतर काही तास, औषधानुसार काही दिवसही, जवळचे नीट दिसत नाही; तेव्हा शाळेच्या परीक्षेचा आठवडा टाळावा. उन्हात डोळे दिपतात, म्हणून परतताना टोपी बरोबर असावी.